बेचाळीस हजारांतला एक : ऐतिहासिक कथा लिहिण्याचा अभ्यास

ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लगेच काय येतं? गड, तलवारी, जिरेटोप आणि मुजरे करणारी माणसं! होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'पानिपत' यांपैकी एखादं पुस्तक कव्हर फाटेपर्यंत फिरत असतं. ते वाचून आपल्यापैकी अनेकांना वाटतं, आपणही असं काहीतरी लिहावं. मग जर्नलच्या मागच्या पानावर दोन परिच्छेद लिहून होतात आणि तिसऱ्या परिच्छेदाला गाडी अडते. कारण तिथे कथेतला माणूस जेवायला बसतो, आणि त्याच्या ताटात काय वाढायचं हेच आपल्याला माहीत नसतं!

हा लेख त्या अडलेल्या गाडीविषयी आहे. विषय कुठे सापडतो, त्या काळाचा तपशील कुठून आणायचा, तो खरा आहे की नाही हे कसं तपासायचं आणि शेवटी त्यातला किती वापरायचा, एवढंच यात पाहायचं आहे. नुसते नियम सांगितले तर ते व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ केलेल्या व्याख्यांसारखे होतील. म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. उदाहरण आहे बोरघाटातल्या रेल्वेचं.

हेच का? एक तर आपण इंजिनीअरिंगची मंडळी. दुसरं म्हणजे आपल्यातले कितीतरी जण सुट्टीत घरी जाताना याच घाटातून जातात. कर्जतला गाडी थांबते, मागून जादा इंजिन लागतं, आपण खिडकीतून वडापाव घेतो आणि पहिला बोगदा आला की उगाच ओरडतो. बोगदा कोणी खोदला हा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही. ऐतिहासिक कथा नेमकी अशाच न पडलेल्या प्रश्नातून सुरू होते.

विषय कुठे सापडतो?

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'चं नाव घेतलं जातं. ती पुस्तकरूपानं १८७१ साली आली. काळ शिवाजी महाराजांचा, पण गड कल्पित आणि मुख्य पात्रंही कल्पित. म्हणजे आपल्याकडची सुरुवातच मुळी राजाच्या चरित्रानं झालेली नाही! मोठ्या माणसावर लिहायला हरकत काहीच नाही. पण त्यांच्यावर आधीच एवढं लिहिलं गेलेलं असतं, की नवशिक्या लेखकाला पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्यांचा प्रत्येक दिवस कुठे ना कुठे नोंदलेला असतो. उलट जिथे नोंद आहे पण नाव नाही, तिथे आपल्यासाठी भरपूर जागा असते.

आता बोरघाटाची नोंद पाहा. मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनीअर होता जेम्स बर्कली. १५ मैल ६८ साखळ्या एवढ्या लांबीत (८० साखळ्यांचा एक मैल) १,८३१ फूट चढायचं होतं. सर्वांत अवघड जागी ३७ फुटांना एक फूट असा चढ. वाटेत २५ बोगदे. एका ठिकाणी डोंगराच्या नाकावर गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेनं वर न्यायची, त्यासाठी रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं होतं. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते हा मार्ग खुला झाला. काम ऐन भरात असताना, म्हणजे १८६१ च्या सुमारास, घाटात ४२,००० हून अधिक माणसं राबत होती.

बर्कलीचं नाव राहिलं, गव्हर्नरचं राहिलं, कंत्राटदारांचीही राहिली. त्या बेचाळीस हजारांपैकी किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील? एकाचंही नाही. त्यांचा हिशेब आकड्यात झाला आणि आकड्यातच संपला. त्यांत पुरुष होते, पाट्या वाहणाऱ्या बायका होत्या आणि मुलंही होती. कुटुंबंच्या कुटुंबं कामाला येत. यातल्या एकाला नाव द्यायचं, घर द्यायचं, भूक द्यायची आणि एक अडचण द्यायची, की झाली कथेची सुरुवात.

म्हणून पहिलं सूत्र असं: विषय शोधताना 'कोण मोठं होतं?' असं विचारू नका. 'कोण मोजलं गेलं, पण ओळखलं गेलं नाही?' असं विचारा.

आधी सांगाडा उभा करा

आपण बिल्डिंगचं ड्रॉइंग काढताना आधी ग्रिड लाइन टाकतो ना? तसंच इथेही. कथा लिहायच्या आधी एका मोठ्या कागदावर तारखांची रेघ ओढा. तिच्यावर फक्त पक्क्या गोष्टी मांडा. आपल्या उदाहरणात ती अशी दिसेल:

१८५६ – खालच्या बाजूनं रेल्वे घाटाच्या पायथ्याशी पोहोचते. घाटाचं काम सुरू.
१८५८ – वरच्या बाजूनं पुणे-खंडाळा गाडी सुरू होते. मधला घाट मात्र तसाच. मुंबईहून निघालेला प्रवासी पायथ्याशी उतरतो, पालखीनं, तट्टावर किंवा बैलगाडीनं घाट चढतो आणि वर पुन्हा गाडीत बसतो.
१८५९ जानेवारी – मजुरी वेळेवर व पुरी मिळत नाही म्हणून मजूर उठतात. दंगलीत एक युरोपियन मारला जातो.
१८५९ मार्च – पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल काम सोडतो.
१८५९ – नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येतो आणि थोड्याच दिवसांत मरण पावतो. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल कंत्राट सोडत नाही, अनुभवी माणसं नेमून काम चालू ठेवते. याच काळात मजुरांच्या वस्त्यांत पटकीची साथ येते.
१८६२ ऑगस्ट – बर्कली इंग्लंडमध्ये मरण पावतो. घाट पूर्ण झालेला तो पाहत नाही.
१८६३ एप्रिल – मार्ग खुला.
१८६७ जुलै – घाटातला एक मोठा दगडी कमानींचा पूल कोसळतो.

ही रेघ नुसती पाहत बसलात तरी कथा दिसायला लागतात. १८५८ ते १८६३ ही पाच वर्षं घ्या. दोन्हीकडे गाडी आणि मध्ये पालखी! त्या पाच वर्षांत पालखी वाहणाऱ्या भोयांचा धंदा कधी नव्हे एवढा वाढला असणार. आणि डोळ्यांदेखत जो मार्ग खोदला जातोय, तो पुरा झाला की धंदा बुडणार हेही त्यांना दिसत असणार. त्यातल्या एकाचा मुलगा जास्त मजुरीसाठी त्याच बोगद्यावर कामाला गेला तर? बाप आणि मुलगा एका चुलीवर जेवतात आणि एकाच्या कामानं दुसऱ्याचं काम संपणार आहे. एवढी ठिणगी पुरे. ही कल्पना आकाशातून पडली नाही, दोन तारखांच्या मधल्या जागेतून निघाली. प्रेरणा प्रेरणा म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच येते.

तपशिलाची पाच कोठारं

आता प्रश्न ताटाचा. तपशील कुठून आणायचा?

पहिलं कोठार म्हणजे गॅझेटिअर. मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअरं जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली १८७० ते १८९० च्या दशकांत तयार झाली. आपल्या घाटासाठी ठाणे (१८८२), कुलाबा (१८८३) आणि पुणे (१८८५) हे खंड कामाचे. पिकं कोणती, रस्ते कुठून जात, बाजार कोणत्या वारी भरे, कोणत्या जातीजमाती काय काम करत, धान्याचे भाव आणि मजुरी किती, सगळं त्यात आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे खंड आपल्या काळानंतर वीसएक वर्षांनी छापलेले आहेत, आणि ते राज्यकर्त्यांच्या नजरेनं लिहिलेले आहेत. एखाद्या जमातीबद्दल 'आळशी' असं लिहिलेलं दिसलं, तर त्यातून त्या जमातीपेक्षा लिहिणाऱ्याविषयीच जास्त कळतं.

दुसरं कोठार म्हणजे त्या काळी लिहिलेलं मराठी. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालचं, म्हणजे घाट खुला झाला त्याच वर्षाचं! वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरून आले. त्यांनी लिहिलेलं 'माझा प्रवास' १९०७ साली छापलं गेलं. अशा पुस्तकांतून माहिती मिळते ती मिळतेच, पण त्याहून मोलाची गोष्ट मिळते ती वाक्याची चाल. तेव्हाचा माणूस दुःख कसं सांगतो, पैशाबद्दल कसं बोलतो, देवाचं नाव कुठे घेतो, हे दुसरीकडे कुठेही मिळत नाही. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून निघत होता, मिशनऱ्यांचा 'ज्ञानोदय' १८४२ पासून. जुन्या अंकांतल्या जाहिराती आणि वाचकांच्या तक्रारी अग्रलेखाइतक्याच मन लावून वाचाव्यात.

तिसरं कोठार आपल्या धंद्याचं : इंजिनीअरांचे अहवाल. बर्कलीनं १८६० साली लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनीअर्सपुढे या रेल्वेवर निबंध वाचला. साहित्यवाल्यांना असले कागद रूक्ष वाटतात. आपल्याला वाटायचं कारण नाही! कड्यावर उभं राहायला जागा नसे, म्हणून माणसांना वरून दोरानं खाली सोडत आणि लोंबकळतच ती सुरुंगाची पहिली भोकं पाडत. हे वाचल्यावर इंजिनीअर पद्धत समजून घेतो. लेखकानं विचारायचं, वर दोर धरून कोण उभं होतं?

चौथं कोठार म्हणजे शब्दकोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ सालची. अगदी आपल्याच काळातली. तो आता इंटरनेटवरही शोधता येतो. तुमच्या पात्राच्या तोंडी घातलेला शब्द त्या काळी होता का, आणि त्याचा अर्थ हाच होता का, हे दोन मिनिटांत तपासता येतं. कोशात शब्द नसला म्हणजे तो नव्हताच असं नाही, पण असला तर निर्धास्त वापरा.

पाचवं कोठार म्हणजे जागा आणि लोकांची आठवण. घाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. जाणारे-येणारे गाडीवाले तिथे नाणं टाकतात. लोक सांगतात, शिंग्रोबा नावाच्या धनगरानं इंग्रज साहेबाला घाटातून वाट दाखवली, बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबानं त्याला गोळी घातली. कोणी म्हणतं रस्त्यासाठी वाट दाखवली, कोणी म्हणतं रेल्वेसाठी. ही लोककथा आहे, ती इतिहासाच्या पुराव्यासारखी वापरता येणार नाही. पण ती फेकूनही देऊ नका! डोंगराची ओळख साहेबाला नव्हती, ती इथल्या गुरं राखणाऱ्याला होती, असं लोकांना पिढ्यानपिढ्या सांगावंसं वाटलं. हे वाटणं खरंच आहे. अहवालात इंजिनीअर राहिला, देवळात धनगर राहिला. कथेला दोघेही लागतात.

आणि जागा पाहायला वेळ काढा. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून दरी पाहा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैमध्ये. (रुळांवर किंवा बोगद्यात जायचं नाही. तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे.) जुलैत ढग दरीतून वर येताना पाहिलात, की पावसाळ्यात मजूर गावी का परतत आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा का येत हे सांगावं लागत नाही. उशीरही करू नका. एक्सप्रेसवेवरचा अमृतांजन पूल आपण लहानपणापासून पाहत आलो. १८३० साली बांधलेला म्हणून तो ओळखला जाई. एप्रिल २०२० मध्ये तो पाडला. कागद ग्रंथालयात सापडेल, दगड दरवेळी थांबतोच असं नाही.

काळाची गल्लत

आता एक छोटी परीक्षा. खालच्या उताऱ्यात चुका किती आहेत ते पाहा:

"१८५८ सालची गोष्ट. सखू सकाळी बरोबर सहा वाजता उठली. रॉकेलचा कंदील लावून तिनं चहा केला. पाणी उकळून घेतलं, कारण वस्तीत पटकीची साथ होती. मग ती पाटी घेऊन साइटवर निघाली. आज डायनामाइटचा मोठा स्फोट होणार होता."

एकेक करून तपासू. डायनामाइटचं पेटंट आल्फ्रेड नोबेलला मिळालं १८६७ साली. म्हणजे घाट उडवला तो साध्या सुरुंगाच्या दारूनं, आणि भोकं पाडली ती हातानं, पहार आणि घण घेऊन. त्याच वर्षांत आल्प्समध्ये फ्रान्स आणि इटलीमधला मोठा बोगदा खोदला जात होता, तिथे १८६१ पासून दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिलं आली. आपल्याकडे मात्र माणसाचा खांदा. रॉकेल म्हणजे रॉक ऑइल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली तीच १८५९ मध्ये. म्हणून १८५८ च्या झोपडीत गोड्या तेलाचा दिवा किंवा नुसता चुलीचा उजेड. चहा मजुरांच्या घरात रुळला तो विसाव्या शतकात. पटकी पाण्यातून पसरते असं डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिलं होतं खरं, पण ते डॉक्टरांनाही पटलं नव्हतं. सखू पाणी उकळणार नाही. ती देवीला कौल लावील, नाहीतर पोरांना घेऊन वस्ती सोडून पळेल.

आणि सहा वाजता? तिच्याकडे घड्याळ नाही. ती झुंजुमुंजू, दिवस कासराभर, उन्हं डोक्यावर, दिवेलागण असं बोलेल. शिकलेला माणूस घटका आणि प्रहर बोलेल (६० घटकांचा दिवस, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची). साहेबाच्या खिशात घड्याळ असलं तरी ते आपल्या घड्याळाशी जुळणार नाही! भारतीय प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ रोजी. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे ३९ मिनिटं मागे. गणित सोपं आहे: एका रेखांशाला चार मिनिटं. ८२.५ मधून मुंबईचे ७२.८ वजा करा आणि चारनं गुणा.

पैशाचंही तसंच. १६ आण्यांचा रुपया, ४ पैशांचा आणा, ३ पैंचा पैसा. शंभर पैशांचा रुपया १९५७ सालचा. मुकादमानं मजुरीतून रोज एक पैसा कापला तर आठवड्याच्या सहा दिवसांत दीड आणा जातो. हा हिशेब सखूला बोटांवर येतो. तुम्हालाही यायला हवा. नाहीतर १८५९ ची दंगल कशासाठी झाली ते तुमच्या वाचकाला कळणारच नाही.

चांदणं होतं का?

हा भाग खास आपल्या लोकांसाठी. समजा तुमच्या कथेत मार्ग खुला झाला त्या रात्री, २१ एप्रिल १८६३ ला, कोणीतरी घाट उतरून चाललंय आणि दरीत पिठूर चांदणं पडलंय. वर्णन सुंदर, पण खरं आहे का?

जुनं पंचांग हाताशी नसलं तरी अडत नाही. सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं. १८ ऑगस्ट १८६८ रोजी प्रसिद्ध खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याच्या निरीक्षणासाठी युरोपातले शास्त्रज्ञ गुंटूरला आले होते. २१ एप्रिल १८६३ पासून त्या दिवसापर्यंत १,९४६ दिवस होतात. अमावस्या ते अमावस्या सरासरी २९.५३ दिवस. अशा ६६ फेऱ्यांचे साधारण १,९४९ दिवस. म्हणजे ग्रहणाच्या १,९४९ दिवस आधी, १८ एप्रिल १८६३ च्या आसपास, अमावस्या होती (सरासरीमुळे अर्ध्या-पाऊण दिवसाचा फरक पडू शकतो). तेव्हा २१ तारखेला संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोर दिसली असेल आणि लवकरच मावळली असेल. चांदणं रद्द!

पण यात तोटा झाला का? उलट कथा सुधारली. आता घाट उतरणाऱ्या माणसाला मशाल लागेल. मशाल दुरून दिसते. ज्याला लपून जायचं आहे त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला: उजेड घ्यावा की कडा चाचपडत उतरावा? तपशील खरा असला की तो असा कथेला ढकलत नेतो. खोटा तपशील नुसता पडद्यासारखा मागे लटकत राहतो.

किती वापरायचं?

महिनाभर वाचन झालं की दुसरा आजार जडतो. जमवलेलं सगळं कथेत कोंबावंसं वाटतं. सखू भाकरी खाते आणि लेखक दोन पानं नाचणीच्या भावावर बोलतो! सबमिशनची पानं भरायला ते ठीक आहे. कथेत नाही.

कसोटी एकच: हा तपशील काढला तर पात्राचा निर्णय बदलतो का? बदलत असेल तर ठेवा. नसेल तर तो तुमच्या वहीत सुखानं राहू द्या. वरचाच उतारा असा लिहून पाहा:

"झुंजुमुंजू व्हायच्या आत सखूनं चुलीतला निखारा फुंकला. कालची अर्धी भाकरी फडक्यात बांधली, अर्धी पोराच्या हातावर ठेवली. पाटी उचलताना तिनं सवयीनं कड्याकडे पाहिलं. दोर अजून रिकामेच लोंबत होते. म्हणजे सुरुंगाला वेळ होता. तिनं पोराला ओढ्याकडे जाऊ दिलं."

साल सांगितलं नाही, घण सांगितला नाही, दारूचं वजन सांगितलं नाही. पण रिकामा दोर पाहून एक आई आपला निर्णय करते. तिचा दिवस कसा जातो ते त्या एका दोरानं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी दोर रिकामे दिसूनही सुरुंग उडाला, तर काय होईल हे वाचकाच्या पोटात आपोआप गोळा आणतं.

काय रचावं, काय रचू नये

इथे थोडं गंभीर होऊ. 'कथा आहे, काहीही लिहा' असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. पन्नास जण इतिहासाचं पुस्तक वाचत असतील तर पाच हजार जण कादंबरी वाचतात, सिनेमा पाहतात आणि तोच इतिहास समजतात. आपण लिहिलेलं उद्या कोणाच्या तरी डोक्यात खरं म्हणून बसणार आहे.

म्हणून तीन नियम पाळावेत. एक, ज्याची पक्की नोंद आहे ते बदलू नये. घाट १८६३ मध्ये खुला झाला, कथेच्या सोयीसाठी तो १८६० मध्ये उघडू नका. दोन, नोंद नसलेल्या जागेत मोकळेपणानं रचावं, पण ते त्या काळात घडू शकलं असतं असंच असावं. तीन, खऱ्या माणसाच्या नावावर पुराव्याशिवाय पाप किंवा पुण्य लावू नये. दंगलीला जबाबदार असा एखादा दुष्ट मुकादम हवा असेल तर कल्पित नावाचा मुकादम रचा. आणि त्यालाही एक बाजू द्या. कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम, मजूर अशी ती उतरंड होती. वरून पैसे आलेच नाहीत तर मुकादम देणार कुठून? सगळा दोष एकाच्या माथी मारला की कथा सोपी होते आणि इतिहास खोटा होतो.

कथेच्या शेवटी चार ओळींची टीप द्यावी: काय खरं, काय कल्पित. वाचकाचा विरस होत नाही, विश्वास वाढतो.

आणि एक. सखूला आजची मतं देऊ नका. ती आपल्यासारखी बोलायला लागली की ती मेली. ती देवीला नवस बोलेल, शिवाशीव पाळेल किंवा सोसेल, साहेबाला भिईल आणि त्याची टरही उडवील. तिला आपल्यापेक्षा कमी माहिती होती, कमी अक्कल नव्हती. ही रेघ सांभाळता आली तर निम्मं काम झालं.

करून पाहा

सुट्टीत जमेल असा कार्यक्रम देतो. आपल्या गावातली किंवा वाटेवरची एक जुनी बांधलेली गोष्ट निवडा. धरण, पूल, गिरणी, कालवा, विहीर, काहीही चालेल. तिच्यासाठी पक्क्या दहा तारखांची रेघ ओढा. जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडा. शासनाच्या दर्शनिका विभागानं जुने खंड पुन्हा उपलब्ध करून दिले आहेत. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुणे नगर वाचन मंदिर, मुंबईत असाल तर मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशी तासभर बोला. "तुमच्या आजोबांनी याबद्दल काय सांगितलं होतं?" असं विचारा आणि मध्ये बोलू नका. त्यांनी वापरलेले वीस शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. मग नोंदीतला एक आकडा निवडा, त्यातला एक माणूस बाहेर काढा आणि त्याचा फक्त एक दिवस लिहा. दोन पानं पुरेत. झाल्यावर रूममेटला वाचायला द्या आणि चुका काढायला सांगा. तो काम तर मन लावून करील!

आपण शिकतो त्या शास्त्रात माणसं आकड्यांनीच येतात. इतके मजूर गुणिले इतके दिवस. त्याशिवाय एस्टिमेट होत नाही, हे मान्य. पण उद्या आपल्यातलेच काही जण साइटवर उभे राहून मस्टरवर सही करतील, आणि त्या मस्टरवरच्या प्रत्येक अंगठ्यामागे एक चूल असेल. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका सखूला नाव देण्याचा सराव ज्यानं केला, त्याला समोरच्या माणसाचं नाव विचारायला जड जाणार नाही.

तेव्हा मंडळी, जर्नलचं मागचं पान उघडा. ताटात काय वाढायचं ते आता शोधता येईल. पुढच्या अंकासाठी संपादक मंडळ कथांची वाट पाहत आहे!